अकराची आंघोळ

केंद्रात तिला सगळे चिमटाबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिचे कान भारी तिखट, त्यामुळे नाव पडल्याच्या आठवड्यातच ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. "लाटणं नाही म्हणाले हेच नशीब," असं घरी सांगून ती हसली होती. नाव पडायला कारणं दोन. एक म्हणजे संगणकाच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे त्याला लिहून दिलेल्या हुकमांत, कुठे काय खुपतंय ते ती काट्यासारखं नेमकं पकडून उपसून काढायची. दुसरं म्हणजे तिची जीभ.

वय चोपन्न. अंगात बारा महिने तोच चॉकलेटी स्वेटर, कारण यंत्रांच्या खोलीत कायम थंडी. टेबलाच्या खणात रबरबँड, संपलेली पेनं, केबलींची भेंडोळी, बंद पडलेलं घड्याळ. टाकून द्यायचं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. "असू दे, लागेल कधीतरी," हे ठरलेलं उत्तर. नऊ वर्षांत त्यातलं काही लागलं नव्हतं.

केंद्र म्हणजे टायरच्या दुकानावरचा अख्खा मजला. एका लांब खोलीत फोनची नऊ टेबलं, आणि काचेच्या दारापलीकडे चिमटाबाईची यंत्रं. शहरात एकेकटी राहणारी म्हातारी माणसं सहा हजारांच्या वर. त्यांच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं लाल बटण. पडलं, छातीत दुखलं, घाबरायला झालं की ते दाबायचं. भिंतीवरचा पांढरा डबा जागा होतो आणि केंद्राला हाक पाठवतो. इकडे स्क्रिप्ट त्या घरचा पत्ता, आजार, शेजारी किल्ली कुणाकडे आहे ते असं सगळं एका पुडक्यात बांधून फोनवाल्या बाईच्या पडद्यावर ठेवते; डबा टिपत असतो तो पुढच्या अर्ध्या मिनिटाचा आवाजही त्याच पुडक्यात पडतो. घंटा वाजते. बाई डब्यातून बोलते, "बोला आजी, काय झालं?" बटण दाबल्यापासून घंटा वाजेपर्यंत चार सेकंद. या चार सेकंदांवर केंद्राचा भारी अभिमान. भिंतीवर तशी पाटीच होती.

एकाच वेळी दहा घरांतून हाका आल्या तर दहांकडे बघायला हवं, म्हणून स्क्रिप्ट प्रत्येक हाकेसाठी एक वेगळा थ्रेड सोडते. थ्रेड म्हणजे काय, हे चिमटाबाईने एकदा आपल्या सासूबाईंना समजावलं होतं.

"समजा, एकाच स्वयंपाकघरात आठ बायका एकदम कामाला लागल्यात. ओटा एकच, भांडी तीच."

"मग भांडणं होत असतील."

"होतात ना! म्हणून कपाटांना कुलपं. एकीचं काम झालं की किल्ली दुसरीला."

"आणि एखादी किल्ली घेऊन बसूनच राहिली तर?" सासूबाई म्हणाल्या. "आठ बायकांत एक तरी बसून राहणारी असतेच."

चिमटाबाई तेव्हा खो खो हसली होती. सासूबाई शाळेची पायरी फारशी चढलेल्या नव्हत्या, पण प्रश्न विचारावा तर त्यांनी. नवऱ्याला ती म्हणाली, "तुमच्या आईला कामावर घेतलं असतं तर माझी नोकरी गेली असती."

आता ही आंघोळ काय, ते सांगायला हवं. चिमटाबाई केंद्रात आली तेव्हा ती स्क्रिप्ट आधीपासून चालू होती. लिहिणारा कंत्राटदार पैसे घेऊन कधीच पसार झालेला. आल्या आल्या तिच्या लक्षात आलं की यंत्राची मेमरी दिवसागणिक भरत जाते. काम झालं की भांडं घासून जागेवर जायला हवं, तशी मेमरी मोकळी व्हायला हवी. इथे कुणीतरी भांडी ओट्यावरच ठेवून जात होतं. चौथ्या दिवशी यंत्र धापा टाकायला लागे. याला म्हणतात मेमरीची गळती, आणि ती शोधण्यासारखं किचकट काम दुसरं नाही, त्यातून थ्रेड अनेक असले तर विचारूच नका. एखाद्या दिवशी मेमरी जेमतेम वाढे, एखाद्या दिवशी धाडकन. दोन महिने चिमटाबाईने डोकं फोडलं, हाती भोपळा आला. शेवटी तिने तात्पुरता तोडगा काढला. रोज सकाळी अकराला, म्हातारी माणसं चहा-औषधं आटोपून निवांत बसलेली असतात आणि हाका सगळ्यात कमी येतात तेव्हा, यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं. चार मिनिटांचं काम. मेमरी धुतल्यासारखी स्वच्छ. फोनवाल्या बायका त्याला 'अकराची आंघोळ' म्हणायला लागल्या.

तात्पुरत्या गोष्टींना आयुष्य मोठं असतं. तात्पुरता म्हणून टेबलाखाली घातलेला कागद टेबल मोडेपर्यंत तिथेच राहतो. आंघोळ नऊ वर्षं चालली. एक दिवस चुकली नाही, कारण चिमटाबाई ती स्वतःच्या हाताने घालायची. आंघोळीआधी, अकराला पाच कमी असताना, ती मेमरीचं चित्र काढून ठेवायची. म्हणजे त्या क्षणी मेमरीत काय काय पडलंय त्याची जशीच्या तशी नक्कल. निवांतपणे बसून गळती शोधू, या हिशोबाने. निवांतपणा कुणाला मिळालाय? पण नकला काढणं सुटलं नाही, आणि टाकवतही नव्हत्या. डिस्क भरली की तारखेची चिठ्ठी लावून लोखंडी कपाटात. अशा एकशे सहा डिस्का जमल्या होत्या.

सासूबाई दोन गल्ल्या पलीकडे आपल्या दोन खोल्यांत एकट्या राहत. मुलाकडे या म्हटलं तर म्हणत, "तुझ्या घरात माझं चालणार नाही आणि माझ्या घरात तुझं चालू देणार नाही. लांबूनच बरंय." कुणाचं ऐकायचं नाही हा त्यांचा बाणा. डॉक्टरचं नाही, शेजाऱ्यांचं नाही, मुलाचं तर नाहीच. आल्या की दारावरची बेल एकदा वाजवून थांबणार नाहीत. टिंग टिंग टिंग टिंग, आतलं माणूस धावत येईपर्यंत.

मुलाने त्यांच्या गळ्यात लाल बटण अडकवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मांजराच्या गळ्यात घंटा बांधलीत म्हणायची!" दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बटण एकदा दाबून बघायचं असा केंद्राचा नियम. मुलगा स्वतः जाऊन दाबायचा, हळूच, एकदा. डब्यातून आवाज आला की सासूबाई ओरडायच्या, "माझ्या सुनेला द्या!" त्यांची पक्की समजूत होती की बटण थेट सुनेच्या टेबलावर वाजतं.

मुलगा म्हणजे चिमटाबाईचा नवरा, चष्म्याच्या काचा घासणारा. शांत गडी. दिवसभर दुकानाच्या मागच्या खोलीत काच चाकाला लावून बसायचा, आणि दुपारी एकला आईकडे डबा घेऊन जायचा. तीन वर्षांपूर्वी एका सोमवारी तो डबा घेऊन गेला तर बटण नळाच्या तोटीला लटकवलेलं.

"गळ्यात घाल ते," तो म्हणाला. "पडलीस तर दाबायला हवं ना?"

"पडले तर उठेन. पाय आहेत मला."

एरवी न चिडणारा माणूस चिडला की त्याला मोजमाप राहत नाही. तो ओरडला, "मग नको दाबूस! पडलीस तर पडून राहा तशीच!"

सासूबाईंनी बटण तोटीवरून काढलं आणि गळ्यात घातलं. दुसऱ्या दिवशी तो एक वाजता गेला तेव्हा त्या न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडलेल्या होत्या. बटण गळ्यात होतं. डॉक्टर म्हणाले, सकाळी नऊच्या सुमाराला पडल्या असाव्यात, जाऊन तासभर झाला असेल. दहा-साडेदहापर्यंत कुणी पोचलं असतं तर... डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही, पण नवऱ्याला ते पुरं ऐकू आलं.

त्याच संध्याकाळी चिमटाबाईने केंद्रातल्या नोंदी बघितल्या. त्या घरून त्या दिवशी एकही हाक नव्हती. घरी येऊन तिनेच त्याला सांगितलं, "त्यांनी दाबलंच नाही हो. नोंद नाहीये."

तेव्हापासून तो माणूस आतून विझला. काम करायचा, जेवायचा, पण मधूनच हातातला घास तसाच धरून म्हणायचा, "आयुष्यात एकदाच ऐकलं तिनं माझं." कितीही समजावलं तरी तेच. बटण त्याने कपाटात आपल्या कागदांखाली ठेवलं होतं आणि ते कपाट तो स्वतः कधी उघडत नसे. तीन वर्षं चिमटाबाई त्या एका वाक्यासोबत राहत होती. नवऱ्याच्या गळ्यातली ती धोंड कशी काढावी हे तिला, एवढ्या चिमट्याच्या बाईला, सुचलं नव्हतं.

यंदा केंद्रात नवे साहेब आले. सभ्य माणूस, मान तुकवून बोलणारा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "रोज चार मिनिटं आपण बहिरे असतो, हे खरं का?"

"खरं आहे," चिमटाबाई म्हणाली. "पण त्या वेळेला हाका येत नाहीत."

"तुम्ही बहिऱ्या असताना हाका येत नाहीत हे तुम्हाला कसं कळतं?"

साहेबांनी तीन आठवडे दिले. तेवढ्यात गळती शोधायची, मग आंघोळ बंद.

तिने पदर खोचला. रोजची चित्रं आंघोळीनंतरच्या स्वच्छ मेमरीसमोर ठेवून काय वाढलंय ते मोजलं. वाढत होती ती हाकांची पुडकी. कुठे चार, कुठे नऊ, आख्खीच्या आख्खी. आवाज असल्याने एकेक पुडकं चांगलं वजनदार. म्हणजे काम संपल्यावर पुडकं टाकून द्यायला स्क्रिप्ट विसरतेय, असं तिने ठरवलं. हाकेचं काम उरकलंय हे तिने धरूनच चालवलं. पुडक्याच्या आत काय आहे ते तिने बघितलं नाही. तसा नियमच होता: यंत्रवाल्यांनी पुडकी मोजायची, उघडायची नाहीत, आत लोकांचे आजार असतात, आवाज असतात. आणि नियमाचं राहू द्या, सवयही तीच. या धंद्यात माणूस किती आहे ते बघतो, काय आहे ते बघत नाही.

मग तिने वेगळ्या यंत्रावर नकली शहर मांडलं. दोन हजार घरं, दोन हजार दाब, सगळे एकदम. मेमरी भरली, रिकामी झाली, एक कणही उरला नाही. पुन्हा केलं. पाच हजार केले. स्क्रिप्ट एखाद्या सालस मुलीसारखी वागली. दोन आठवडे संपले आणि चिमटाबाईची जीभ इतकी धारदार झाली की फोनवाल्या बायका तिच्या खोलीवरून जाताना पावलं हळू टाकायला लागल्या.

त्या बायकांत सगळ्यात जुनी ती फोनताई. बारा वर्षं हाका घेतेय. आवाज असा की रडणारी आजी दोन वाक्यांत गप्पांना लागते. तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी, सव्वादहाच्या सुमाराला, ती चहा घेऊन आत आली. टेबलावर चाचणीचा पांढरा डबा आणि लाल बटण होतं. चिमटाबाईने तिला दाखवायला म्हणून बटण दाबलं, एकदा, व्यवस्थित. बाहेर घंटा वाजली.

"बघ. दोन आठवडे हेच. चुकतच नाही मेली."

"असं कोण दाबतं पण?" फोनताई हसली. "घाबरलेलं माणूस असं दाबतं होय? माझी आई बघ कशी दाबते." आणि तिने बटण उचलून दाबलं. टक टक टक टक.

दोघी काचेपलीकडच्या पडद्याकडे बघत राहिल्या. चार सेकंद झाले. दहा झाले. चहावर साय धरायला लागली, पण घंटा काही वाजली नाही.

"नीट दाबलं गेलं नसेल," फोनताई म्हणाली.

आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. कारण हे वाक्य केंद्राचं होतं. "काल बटण दाबलं, कुणी बोललंच नाही," अशी तक्रार महिन्याला दोन-चार यायच्याच. नोंद बघायची, नोंद नसायची. मग म्हणायचं, "आजी, नीट दाबलं गेलं नसेल." दुसऱ्या दिवशी माणूस जाऊन बटण तपासून यायचा, एकदा दाबायचा, लगेच वाजायचं. म्हातारी माणसं बिचारी ओशाळून म्हणायची, "असेल हो, माझीच चूक असेल." बारा वर्षांत फोनताईने ते वाक्य किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे.

चिमटाबाईने बटण पुढ्यात ओढलं. तिने पुन्हा बटण दाबलं. आता एकदाच, शांतपणे. तरी घंटा नाही. त्या डब्याची हाक आता जातच नव्हती. तिने मेमरी बघितली. पाच पुडकी वाढली होती, एकेका दाबाचं एकेक.

कारण समोरच होतं. घराची दोन कपाटं, दोन कुलपं: एकात पत्त्याचं पान, दुसऱ्यात आजाराचं कार्ड. पहिल्या दाबाचा थ्रेड आधी पान घ्यायचा, मग कार्ड मागायचा. दुसऱ्यांदा दाबलं तर त्यासाठी कंत्राटदाराने वेगळा भाग लिहिला होता, तो आधी कार्ड घ्यायचा आणि मग पान मागायचा. पहिलं काम उरकायच्या आत, सेकंदाच्या आत, दुसरा दाब आला की एकाच्या हातात पान, दुसऱ्याच्या हातात कार्ड, आणि दोघंही एकमेकांची वाट बघत जन्मभर उभे. त्यानंतरचे सगळे त्यांच्यामागे रांगेत. सावकाश दाबणाऱ्याची हाक पोचायची. जो घाबरून भराभर दाबेल नेमका तोच अडकायचा. कुणी किल्ली घेऊन बसून राहिली तर, असं सासूबाईंनी विचारलं होतं.

पण हे सगळं तिला नंतर सविस्तर कळलं. त्या क्षणी तिच्या डोक्यात एकच गोष्ट आली आणि ती खुर्चीवरून ताडकन उठली. गळती म्हणून नऊ वर्षं जे ती धुऊन टाकत होती तो कचरा नव्हता. ती माणसं होती. पुडकी टाकून द्यायला स्क्रिप्ट विसरत नव्हती. पुडकी पोचलीच नव्हती.

"आत्ता," ती म्हणाली. "आत्ता आत कोण आहे?"

घड्याळात दहा चाळीस. तिने चालू यंत्राची मेमरी उघडली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा पुडक्यांवरचे घरक्रमांक वाचले. चाचणीचा डबा सोडला तर दोन घरं होती. फोनताई धावत आपल्या टेबलाशी गेली आणि तिने दोन्ही घरच्या डब्यांना एकामागून एक साद घातली. पहिल्या घरी आजी बटणावर कूस बदलून झोपल्या होत्या. उठवलं म्हणून रागावल्या. दुसरं घर एका निवृत्त टपालवाल्याचं. फोनताई "बोला आजोबा" म्हणाली मात्र, डब्यातून आवाज आला, "दीड तास झाला ओरडतोय! झोपलात काय सगळे? कंबर मोडलीये माझी!"

फोनताईने शेजाऱ्याला किल्ली घेऊन पाठवलं, रुग्णवाहिका पाठवली, आजोबांना बोलतं ठेवलं, सगळं चोख केलं. मग टेबलावर डोकं ठेवून ती हमसून हमसून रडली. साहेब दारात उभे होते. भिंतीवरचं घड्याळ अकराला पाच कमी दाखवत होतं, आणि सवयीने चिमटाबाईचा हात चित्र काढायच्या बटणाकडे गेला. तो तिथेच थांबला. अजून पंधरा मिनिटं या टेबलावर चहा पीत बसलो असतो तर आपण या टपालवाल्या आजोबांना धुऊन टाकलं असतं, हे तिला लख्ख दिसलं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं दिसलं. ती सावकाश लोखंडी कपाटाकडे वळली.

डिस्क सापडायला वेळ लागला नाही. तिचं सगळं चिठ्ठ्या लावून व्यवस्थित ठेवलेलं असायचं. तीन वर्षांपूर्वीचा तो मंगळवार. अकराला पाच कमी. चित्र उघडताना तिला वाटलं, नसू दे. नसलं तर बरं. मग वाटलं, असू दे, नवरा सुटेल. आणि असलं तर आपलं काय होईल, हेही वाटलं. तीनही एकदम वाटलं, त्याला इलाज नव्हता.

घरक्रमांक ओळखीचा होता. पुडकी सतरा. पहिलं नऊ वाजून बारा मिनिटांचं. एका सेकंदात तीन, दारावरच्या बेलसारखी. शेवटचं दहा अठ्ठेचाळीसचं.

आवाज ऐकायची तिला परवानगी नव्हती. तिने साहेबांकडे बघितलं. त्यांनी विचारलं, "कुणाचं घर?" ती म्हणाली, "माझ्या सासूबाईंचं." साहेबांनी स्वतः दार ओढून घेतलं आणि बाहेर उभे राहिले.

पहिल्या पुडक्यात सासूबाई नेहमीच्या चढ्या आवाजात होत्या. "अगं ए सूनबाई! पडले मी. ये लवकर." चौथ्यात म्हणाल्या, "किती वेळ गं? काम असेल तर दुसऱ्या कुणाला पाठव." नवव्यात आवाज खाली आला होता. "त्याला सांगू नकोस. ओरडेल तो." पुढच्या पुडक्यांत नुसता श्वास आणि नळाचं थेंब थेंब पाणी. सतराव्यात फक्त पाणी.

आणि त्यानंतर बारा मिनिटांनी अकरा वाजले होते. चिमटाबाईला त्या दिवसाची आंघोळ आठवेना. आठवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. रोजच्यासारखं एक बटण दाबलं असेल, स्वेटरच्या बाह्या सारख्या केल्या असतील. संध्याकाळी याच खुर्चीत बसून नोंदी बघितल्या आणि घरी जाऊन छातीठोकपणे सांगितलं, त्यांनी दाबलंच नाही हो. तिला रडू येत नव्हतं. खोलीतली यंत्रं, खिडकीखालचा टायरवाल्याचा हातोडा, सगळं होतं तसंच होतं आणि तिचं आतून पार दगड झालं होतं.

दुरुस्ती सात ओळींची निघाली. सगळ्यांनी आधी पान घ्यायचं, मग कार्ड. दुपारपर्यंत ती बसवून झाली. टक टक टक टक दाबलं आणि चार सेकंदांत घंटा वाजली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेबांनी भिंतीवरची पाटी काढून उलटी ठेवली आणि एकशे सहाही डिस्का उघडायला सांगितल्या. प्रत्येक घरी आपण स्वतः जाऊ, असं ते म्हणाले. त्यातल्या बऱ्याच घरांत आता दार उघडायला कुणी नसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी चिमटाबाई घरी गेली तेव्हा नवरा खिडकीशी बसून चष्म्याचा दांडा दुरुस्त करत होता. तिने चप्पलही काढली नाही.

"त्यांनी दाबलं होतं," ती म्हणाली.

त्याला काही कळलं नाही. मग कळलं. दांडा हातात तसाच राहिला.

"सतरा वेळा दाबलं. नऊ बारापासून. आमच्याकडे आत अडकून पडलं, पोचलं नाही. बोलल्यासुद्धा. म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, ओरडेल."

त्याचा चेहरा आधी लहान मुलासारखा झाला, मग त्यावर तीन वर्षांत न दिसलेलं काहीतरी आलं. "म्हणजे नाही ऐकलं तिनं माझं," तो म्हणाला. "तेव्हाही नाही ऐकलं!" आणि तो हसला, हसता हसता त्याचे खांदे हलायला लागले, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "नाहीच ऐकलं बघ," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

इथे थांबता आलं असतं. त्याची धोंड उतरली होती. एवढं सांगून ती चहा टाकायला आत गेली असती तर जगात कुणी तिला बोल लावला नसता. मोह झालाच तिला. पण नऊ वर्षं न उघडता धुऊन टाकण्याचा परिणाम ती आजच बघून आली होती.

"अजून आहे," ती म्हणाली. "अकरा वाजेपर्यंत ते सगळं यंत्रात होतं. कुणी बघितलं असतं तर दिसलं असतं. अकराला मी यंत्र धुतलं. रोज धुते तसं. माझ्या हाताने."

त्याचं हसू थांबलं. त्याने तिच्या हातांकडे बघितलं. मग उठला, आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. कपाट उघडल्याचा आवाज आला. रात्री जेवायला तो बाहेर आला नाही, आणि सकाळी ती निघाली तेव्हा दुकानात गेलेला होता.

शुक्रवारी अकराला दोन मिनिटं कमी असताना चिमटाबाईच्या टेबलावरचा फोन वाजला. नवरा तिला कामावर कधीही फोन करत नसे. लग्नाच्या सव्वीस वर्षांत नाही.

"अकरा वाजतायत," तो म्हणाला.

"हो."

"आज काही करू नकोस."

"नाही करत."

त्याने फोन ठेवला नाही. तिनेही नाही. पलीकडून काच घासायच्या चाकाची घरघर येत होती. मग तीही थांबली, फक्त त्याचा श्वास राहिला. अकरा वाजले. काचेपलीकडे एक घंटा वाजली आणि फोनताई म्हणाली, "बोला आजी, काय झालं?" दोघंही ते ऐकत होते. चार मिनिटं झाल्यावर त्याने विचारलं, "झालं?" ती म्हणाली, "झालं," आणि मग त्याने फोन ठेवला.